सतराव्या वहीतले नऊ दिवस

३ मार्च

आत्या,

टकल्या बुडाला. म्हणजे त्यांच्या नकाशात. पलीकडच्या देशाने गेल्या आठवड्यात नवा नकाशा छापला, त्यात आपला खडक भरतीला पाण्याखाली जाणारा म्हणून दाखवलाय. आपल्या नकाशा कार्यालयाने काल दुपारी तसं लेखी कळवलं. आज सकाळी ते वर्तमानपत्रांत आलंच आहे, म्हणून तुला लिहायला हरकत नाही.

तुला हे सांगायला नको, पण आमच्या संरक्षण खात्यातल्या साहेबांना तीनदा समजावून सांगावं लागलं, त्या सवयीने लिहितो. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीलाही टकल्याचं डोकं वर राहत असेल, तर कायद्याने ते बेट आणि त्याच्याभोवतीचं बारा मैल पाणी आपलं. डोकं बुडत असेल तर तो नुसता दगड. मग ते पाणी ज्याची गस्तीनौका मोठी त्याचं. तिथे मासेमारी करणाऱ्या आपल्या बोटी आत्ताच परत पाठवल्या जाताहेत.

आंतरराष्ट्रीय लवादापुढची सुनावणी २० जूनला तुझ्याच शहरात आहे. नौदलाकडे उपग्रहाची चित्रं आहेत, ती गेल्या दहा-बारा वर्षांची. दर अमावास्या-पौर्णिमेला तीन तास बोटीने जाऊन उधाणाची उंची मोजणारे, तेही एकोणचाळीस वर्षं, असे लोक देशात एकाच ठिकाणी निघाले. तुझ्या समुद्रविज्ञान विभागात. बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सेनापतीपासून कारकुनापर्यंत सगळ्यांनी तुझ्या विभागाचं नाव लिहून घेतलं. बरं वाटलं.

आता काम. वह्या आहेत तशा लवादापुढे ठेवता येणार नाहीत. पानापानावर रेघोट्या, खाडाखोड, चहाचे डाग. तू सगळे आकडे टंकलिखित करून स्वच्छ प्रत पाठव, आम्ही तीच दाखल करू. एखाददुसरी वही खराब असेल तर सोडून दे. सतराव्या वहीत पाणी गेलं होतं असं आठवतं, ती वगळली तरी चालेल.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा भाचा

८ मार्च

कोरड्या,

फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून मलाही पत्रच बरं.

स्वच्छ प्रत मिळणार नाही. तू याच खोलीत शिकलास, तरी पुन्हा सांगते. बोटीवर शाई टिकत नाही, फुटते, म्हणून आपण पेन्सिलने लिहितो. पेन्सिल खोडता येते, म्हणून खोडरबरला बंदी. चुकलं तर आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बाजूला सही करून तारीख घालायची. पोरांकडून जप्त केलेले खोडरबर अजून माझ्या टेबलावर डब्यात आहेत. तुझे त्यात दोन आहेत, एक हत्तीच्या आकाराचा.

तुझ्या साहेबांना खाडाखोड दिसते, मला तो पुरावा दिसतो. एकोणचाळीस वर्षांत एकही चूक नसलेली वही कुणी माझ्यापुढे ठेवली तर मी ती खोटी म्हणून फेकून देईन. लवादावरचे लोक माझ्यापेक्षा मूर्ख नसावेत अशी आशा आहे. हा हट्ट तुझा नाही, वरून कुणीतरी तुझ्या मानेवर बसलंय, हे मला कळतं. त्याला माझं नाव सांग आणि मोकळा हो.

आणि तुझी आठवण कच्ची झाली आहे. सतराव्या वहीत पाणी गेलेलं नाही. आजच काढून पाहिली. एक पान सुरकुतलेलं नाही, शाईसुद्धा जशीच्या तशी आहे. अशी जपलेली वही दुसरी नाही. तुझ्याच वर्षाची आहे, कौतुक वाटलं.

काल आपल्या बोटीचे तांडेल येऊन गेले. आता बोट मुलगी चालवते, तरी गाठी तेच मारतात. विचारत होते, कोरड्या काय म्हणतो. त्यांनी तुला हे नाव दिलं ते तुझ्या कोरड्या विनोदांमुळे असं मी धरून चाललेय. टकल्या ठीक आहे. परवाच्या उधाणाला डोकं एक हात वर होतं. तुझंही टक्कल तेवढंच वर आलं असेल.

आत्या

१९ मार्च

आत्या,

माझ्या मानेवर कुणी बसलेलं नाही. हे माझंच मत आहे आणि ते मी खात्यात मांडून मंजूर करून घेतलंय.

तू ज्याला पुरावा म्हणतेस त्याला समोरचा वकील भोक म्हणेल. एका चुकीत बोट घालून तो अख्खी एकोणचाळीस वर्षं फाडेल. हा देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे, तुझ्या विभागाच्या शिस्तीचा नाही. विद्यापीठाने आपल्याजवळ आहे ते द्यावं, ते कसं वापरायचं हे ज्यांचं काम आहे त्यांनी ठरवावं.

कुलगुरूंना आदेश पोचला असेल. २८ मार्चला आमची माणसं पेट्या घेऊन येतील आणि सगळ्या वह्या ताब्यात घेतील. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितोय. तुझ्या घरात राहून मी शिकलो, हे विसरलेलो नाही. म्हणूनच विनंती करतो, या वेळी आडवी येऊ नकोस. निवृत्तीला सात महिने राहिलेत, ते सुखाने जाऊ देत.

भाचा

२ एप्रिल

कोरड्या,

तुझ्या पेट्या रिकाम्या परत आल्या असतील. काय झालं ते तुला अहवालात कळलंच असेल, पण अहवाल लिहिणाऱ्याला विनोदाचं अंग दिसलं नाही, म्हणून मी सांगते.

विद्यापीठाच्या वाचनालयात भिंतीवर एक नियम लावलेला आहे. तूही चार वर्षं त्याच्याखाली डुलक्या काढल्यास. वाचक वाचत असलेलं पुस्तक त्याच्या हातातून कुणीही काढून घेणार नाही. सत्तावीस तारखेला संध्याकाळी आम्ही एकोणचाळीसही वह्या विभागातून वाचनालयात नेल्या आणि रीतसर नोंद करून घेतली. दुसऱ्या दिवशी दार उघडताच एकोणचाळीस विद्यार्थी एकोणचाळीस वह्या घेऊन बसले आणि वाचायला लागले. दर तीन तासांनी पाळी बदलली. वही एका हातातून दुसऱ्या हातात, मध्ये टेबलाला टेकली नाही.

तुमचा अधिकारी सज्जन निघाला. नियम दोनदा वाचला, त्याचा फोटो काढला, मग कुलगुरूंकडे गेला. कुलगुरू कसे भित्रे आहेत तुला माहीत आहे, पंख्याचा आवाज आला तरी राजीनाम्याचा विचार करतात. त्या दिवशी म्हणाले, नियम माझ्या आधीपासूनचा आहे, मी काय करू. नंतर मला हळूच म्हणाले की ज्याच्या मागे लपता येईल असा नियम ते अकरा वर्षं शोधत होते.

अधिकारी पाच दिवस थांबला आणि काल गेला. तेवढ्यात मुलांनी सगळ्या पानांची छायाचित्रं काढली. एक संच तुमच्या खात्याला, एक लवादाला, एक पलीकडच्या वकिलांना गेला. मूळ वह्या वाचनालयात आहेत. कुणीही यावं, वाचावं.

आता तुझ्या वाक्याचं उत्तर. विद्यापीठाने आपल्याजवळ आहे ते द्यावं म्हणतोस. आमच्याजवळ काय आहे? तोफ नाही, गस्तीनौका नाही. एक भाड्याची बोट आणि पेन्सिली आहेत. देशाला आम्ही एवढंच देऊ शकतो की, जगात कुणीही विचारलं तरी आमचा आकडा सरकारला विचारून लिहिलेला नाही. तो तुमच्या पेटीत गेला की तुमचा झाला, आणि तुमचा आकडा तर पलीकडच्यांना आधीच खोटा वाटतो. वह्या मी तुमच्यापासून लपवत नाही, तुमच्यासाठीच राखतेय. हे तुझ्या साहेबांना तीनदा समजावून सांग.

आत्या

१० एप्रिल

आत्या,

पलीकडच्या देशाच्या तज्ज्ञ बाईंना तू वाचक-पत्र दिलंस हे खरं का? त्या गेले तीन दिवस आपल्या वाचनालयात बसून आपल्याच वह्या वाचताहेत, असं आज सकाळच्या बैठकीत कळलं. ज्यांनी आपला खडक बुडवला त्यांच्या माणसाला तू खुर्ची दिलीस, वर तिच्यासाठी खिडकीजवळचा दिवा दुरुस्त करून घेतलास म्हणे. खात्यात तुला काय म्हणताहेत ते लिहीत नाही.

एवढं कळव. त्यांनी कोणत्या वह्या मागितल्या? सतरावी मागितली का?

२१ एप्रिल

कोरड्या,

मागितली.

त्या बाई पेशाने माझ्यासारख्याच आहेत, आणि दिवा सगळ्यांसाठीच दुरुस्त करायचा राहिला होता. पहिल्या दिवसापासून एक शब्द न बोलता वाचत होत्या. सतरावी संपवली तेव्हा माझ्या टेबलापाशी आल्या, वही उघडी ठेवली आणि विचारलं, “तुमच्याकडे सगळं पेन्सिलने आहे. हे नऊ दिवसच शाईने का?”

मी पाहिलं. वर्षातली तीन मोठी उधाणं, प्रत्येकाचे तीन दिवस. खवळलेला समुद्र, त्या वर्षातली सगळ्यात उंच भरती. आणि त्या नऊ ओळी निळ्या शाईत, एक अक्षर फुटलेलं नाही, कागदावर मिठाचा ठिपका नाही. बाजूला तुझी सही.

मार्चमध्ये मीच तुला लिहिलं होतं, शाईसुद्धा जशीच्या तशी आहे. कौतुकाने लिहिलं होतं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासणारी बाई मी, आणि माझ्याच भाच्याच्या पानावर मला शाई दिसली तरी दिसली नाही. ही चूक माझ्या खाती आहे, तुझ्या नाही.

बाईंना म्हटलं, उत्तर सुनावणीच्या आधी लेखी मिळेल. त्यांनी मान डोलावली आणि अठरावी वही मागितली.

मग तांडेलांकडे गेले. ते दारात जाळं विणत बसले होते. विचारलं, त्या वर्षी या नऊ दिवशी बोट गेली होती का. म्हणाले, नाही. त्या फेऱ्या तुम्हा दोघा विद्यार्थ्यांवर सोपवलेल्या, तुझ्या जोडीचा मुलगा काविळीने घरी होता, तू एकटा यायचास, समुद्राकडे बघायचास आणि म्हणायचास, तांडेल, आज नको. समुद्र खरंच वाईट होता, म्हणून तेही हो म्हणाले. तू धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात वही उघडून बसायचास. मी म्हटलं, बावीस वर्षं मला सांगितलं का नाही. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “बाई, तुम्ही विचारलंच नाही. मी तर त्याला रोज तुमच्यासमोर हाक मारत होतो, कोरड्या म्हणून.”

बावीस वर्षं मीही त्याच नावाने तुला हाक मारतेय.

ते आणखी एक म्हणाले. त्यातल्या एका दिवशी ते एकटेच जाळी सोडवायला तिकडे गेले होते, आणि ऐन भरतीत टकल्याच्या डोक्यावर पक्षी बसलेले त्यांनी पाहिले. मी ते वहीत लिहिलेलं नाही. पाहिलं म्हणजे मोजलं नव्हे. आपल्या बाजूचं आहे म्हणून तर अजिबात नव्हे.

तुझं नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला विचारलं तर मी सांगणार आहे. त्याच्या आधी तू सांगावंस अशी माझी इच्छा आहे. तुझ्या नोकरीचं काय होईल मला माहीत नाही. न सांगितलंस तर टकल्याचं काय होईल ते मात्र मला ठाऊक आहे.

आत्या

२० मे

कोरड्या,

तुझं उत्तर आलं नाही. सतरावी वही वाचनालयात पहिल्या टेबलावर ठेवली आहे. शेजारी टोक केलेली पेन्सिल आहे. ग्रंथपालांना सांगून ठेवलंय.

आत्या

१२ जून

आत्या,

५ तारखेला मी येऊन गेलो. तू उधाणाला बोटीवर होतीस, हे कॅलेंडर बघूनच आलो. तुझ्यासमोर मला ते जमलं नसतं. ग्रंथपालांनी काही विचारलं नाही. पलीकडच्या बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांना मी सांगितलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी लिहितोय, साक्षीला या. त्या आल्या आणि उभ्या राहिल्या.

भीती वाटायची. एवढंच कारण आहे, दुसरं बावीस वर्षं शोधलं पण मिळालं नाही. आधीच्या फेरीला मी बोटीच्या तळाशी फळी धरून पडून होतो. सगळे मला बाईंचा भाचा म्हणायचे, आणि बाई तर भर वादळात उभं राहून पट्टी वाचायच्या. मला वाटलं, नऊ आकडे, कोण बघणार. त्यावर एक दिवस देशाची हद्द उभी राहील असं चहाच्या दुकानात कुणाला वाटतं? आकडे मी आधीच्या वर्षावरून बेतले होते. म्हणून मला स्वच्छ प्रत हवी होती, म्हणून सतरावी बुडायला हवी होती. बाकी देशाच्या संरक्षणाचं जे लिहिलं ते मला लिहिताना खरं वाटत होतं, हे जास्त वाईट.

खात्यात मी ६ तारखेला लेखी दिलं. वकीलसाहेबांनी दार लावून घेतलं आणि तोडगा सुचवला. बोटवाल्याने चुकीच्या जागी नेलं असं म्हणू, म्हातारा माणूस आहे, त्याला कोण तपासणार. मी म्हटलं, त्याने माझं खोटं एकदा गप्प राहून झाकलं, आता त्याच्याच डोक्यावर खापर फोडणार नाही. मग ते म्हणाले की नऊ दिवसांसाठी मी अख्खा खडक घालवतोय. मी तुझं वाक्य त्यांना ऐकवलं. एकही चूक नसलेली वही खोटी असते हे. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा अर्थ लागला होता, म्हणून मोठ्याने म्हटलं असेन. बाहेरच्या शिपायाने ऐकलं म्हणे.

त्याच दिवशी मला सीमा विभागातून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. चौकशी सुनावणीनंतर. मी लवादाला थेट कळवलंय की मला साक्षीला बोलवा. खात्याची परवानगी घेतलेली नाही. नियम तुझ्याकडूनच शिकलो, कुणाच्या मागे लपायचं आणि कुणाच्या नाही.

हत्तीचा खोडरबर परत करू नकोस.

कोरड्या

१७ जून

बाळा,

लवादाच्या कार्यालयाने काल संध्याकाळी विद्यापीठाला कळवलं, तुझं नाव साक्षीदारांत पहिलं आहे. तुझ्या खात्याने हरकत घेतली होती, ती फेटाळली. आश्चर्य म्हणजे तुला बोलवावं असा अर्ज पलीकडच्यांनीही केला होता. त्यांना वाटतंय की तू त्यांच्या कामाचा आहेस. वाटू दे.

वही मी बोटीवरून आल्याच दिवशी पाहिली, कपडे बदलायच्या आधी, त्यामुळे टेबलावर पाणी सांडलं आणि ग्रंथपाल रागावले. नऊ ओळींवर नऊ रेघा, सरळ, खालचा आकडा वाचता येतो अशा. बाजूला सही आणि तारीख. शेवटच्या ओळीपुढे पेन्सिलने दोन शब्द: गेलो नव्हतो.

एकोणचाळीस वर्षांत या वह्यांत खूप आकडे लिहिले गेले. मला त्यातली ही नोंद सगळ्यात अचूक वाटते. तुला रागवायचं मी मनात ठेवलं होतं, पुरेसं साठवलंही होतं, पण आता ते वापरता येईल असं दिसत नाही.

पलीकडच्या बाई काल परत गेल्या. जाताना वाचक-पत्र जमा केलं नाही, म्हणाल्या, मुदत डिसेंबरपर्यंत आहे. त्यांचा अहवाल काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फक्त एवढं म्हणाल्या की त्यांच्याकडच्या वह्या सगळ्या शाईत आहेत, फार सुंदर आहेत, आणि त्या परत जाऊन पुन्हा वाचणार आहेत.

तांडेलांना तुझं पत्र वाचून दाखवलं. खापराचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, आता या मुलाला दुसरं नाव शोधायला हवं. सापडलेलं नाही अजून, म्हणून वर बाळा लिहिलं. सवय नाही, चालवून घे.

सोमवारी, वीस तारखेला, अकरा वाजता तुला पुकारतील. पहिला प्रश्न ते त्या नऊ दिवसांचाच विचारतील, आणि दुसरा हाच असेल की जिथे एकाने खोटं लिहिलं तिथे बाकीच्यांवर विश्वास का ठेवावा. उत्तर मी पढवणार नाही. वही तुझ्या हातात देतील, तेवढी उघडून दाखव.

सोमवारीच अमावास्या आहे, वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण. भरती दुपारी बारा चाळीसला. खात्याने समुद्र खराब असल्याचं सांगून बोट सोडू नका असं कळवलंय, तांडेलांच्या मुलीने तो कागद जाळ्याखाली ठेवलाय. मी, ती आणि दोन विद्यार्थी साडेआठला निघणार आहोत. तू आत उत्तर देत असशील तेव्हा आम्ही टकल्यापाशी पट्टी वाचत असू, आणि जो आकडा दिसेल तोच लिहू. डोकं वर असेल तर वर, बुडालं असेल तर बुडालं.

संध्याकाळी धक्क्यावर येऊन थांब. मी ओली होऊन येईन.

आत्या